पोरगी काही खात नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे कुणी विचारले तर मी सदाशिवराव उंबरजे यांचे नाव घेईन. करमाळ्याच्या शाळेत ते माझे हेडमास्तर होते. माझे वडील केरबा बाजारात धान्याची पोती उचलत; आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. मला मॅट्रिकला बसवले सदाशिवरावांनी, पुण्याच्या कॉलेजात धाडले त्यांनी, आणि बी. ए. होऊन मी सोलापुरात आलो तेव्हा पहिले काम दिले तेही त्यांनीच. शाळेत एकदा प्रयोगाच्या वहीत मी पाहिल्याशिवायच काहीतरी लिहून दिले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी ती ओळ खोडली आणि म्हणाले, "दिसले तेवढेच लिहावे. दिसले नसेल तिथे जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागेची लाज वाटू देऊ नकोस." ती शिकवण घेऊन मी मोठा झालो असे मला वाटत होते.

पौष लागला की सोलापूरच्या भोवतालची काळी रानं अंगात दूध भरल्यासारखी जड होतात. ज्वारीची कणसे वाकतात, करडईला पिवळी फुले येतात, आणि संध्याकाळच्या सुमारास बांधाबांधावरून गोवऱ्यांचा धूर निघू लागतो. आगटीत कणीस भाजावे, गरम असतानाच तळहातावर चोळावे, फुंकर घालून कोंडा उडवावा आणि हिरवा, गोड, किंचित चिकट हुरडा शेंगांच्या चटणीबरोबर तोंडात टाकावा. परवा एका मित्राच्या शेतात आम्ही सगळे असे बसलो होतो. सगळे खुशीत होते. मला मात्र तो धूर नाकात गेला की आजही संशय येऊ लागतो. कुणाचा, कशाचा, ते सांगता येत नाही. शेजारचा माणूस म्हणतो, "यंदा पीक झकास आहे," आणि मी उगाच मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघतो.

सदाशिवरावांनी ते पहिले काम दिले त्या हिवाळ्यात तर सगळे शहरच संशयी झाले होते. उन्हाळ्यात सोलापुराने लष्करी अंमल सोसला होता. डोक्यावरची गांधी टोपी बघून माणसाला अडवले जात होते. गिरणीचा भोंगा झाला की चाळींतून माणसे निघत, पण पूर्वीसारखी मोठ्याने बोलत नसत. कोण कुणाचा कान आहे याचा भरवसा उरला नव्हता. त्यातच शिरगणती आली. दारांवर डांबराचे नंबर पडू लागले. कुणी म्हणे घरपट्टी वाढणार, कुणी म्हणे माणसे धरून नेणार. हातात कागद असलेला मनुष्य गल्लीत शिरला की बाया पोरांना आत ओढत आणि दार लोटून घेत. अशा दिवसांत मी हातात कागद घेऊन, सायकलवर बसून, दारोदार पोरांची चौकशी करत हिंडत होतो.

काम असे होते. शहरात एक अनाथ बालकाश्रम होता. साथीत आईबाप गेलेली, देवळाच्या पायरीवर सापडलेली, गिरणीच्या दारात सोडलेली मुले तिथे वाढत. त्यांतली काही मुले कमिटीने आसपासच्या गावांतल्या कुटुंबांकडे सांभाळायला दिली होती. आश्रमाचे व्यवस्थापक गोविंदराव यांना ते मुळीच पसंत नव्हते. मुले खेड्यात नेऊन लोक त्यांना गुरांमागे लावतात, असे ते म्हणत. कमिटीतले दुसरे काही जण म्हणत की मुलाला घरच हवे. प्रत्येक बैठकीत हाच वाद, आणि प्रत्येकाजवळ नुसते मत. सदाशिवराव तेव्हा निवृत्त होऊन सोलापुरात आले होते आणि कमिटीचे चिटणीस होते. ते म्हणाले, मते पुष्कळ झाली. आता कुणीतरी पाहून यावे, आश्रमातही आणि घरांतही, आणि मग ठरवावे. त्यांनी प्रश्न काढले. मूल जेवते का, झोपते का, आजारी पडते का, रडते का. तेच प्रश्न आश्रमात विचारायचे, तेच घरोघर विचारायचे. सिद्धेश्वराची संक्रांतीतली गड्ड्याची यात्रा उठली की बैठक, आणि त्या बैठकीत निकाल. आपल्याकडे अशा गोष्टी कुणी मोजून पाहत नसे. मला त्या कामाचा फार अभिमान वाटला.

आश्रमातली उत्तरे एका दुपारी मिळाली. गोविंदरावांनी स्वतः फिरून सगळे दाखवले. धुतलेली फरशी, ओळीने टांगलेले पेले, ओळीने घातलेल्या सतरंज्या. एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ते सांगत गेले: हा दोन्ही वेळा पोटभर जेवतो, ही शांत झोपते, ह्याला वर्षात साधे पडसे नाही. पाळण्यांच्या खोलीत इतकी शांतता होती की मी नकळत हळू पावले टाकू लागलो. मुले जागी होती. छताकडे बघत पडली होती. गोविंदराव अभिमानाने म्हणाले की रडणे म्हणून ऐकू येणार नाही तुम्हाला इथे. मी तसे लिहून घेतले.

मग वळसंग. अक्कलकोटच्या वाटेवर कुंभारी मागे टाकून पुढे गेले की मराठी बोलता बोलता कानडी कधी सुरू होते ते कळत नाही. तिथे शिवाप्पा आणि मल्लव्वा या जोडप्याकडे आश्रमातली एक चार-पाच वर्षांची मुलगी होती. आश्रमात तिचे नाव कुसुम. मल्लव्वाची स्वतःची मुले जगली नव्हती. मुलीची जात कोणती यावर वळसंगात बराच काथ्याकूट झाला होता. शेवटी शिवाप्पाने आपल्या लिंगायत जंगमाला बोलावून तिच्या गळ्यात लिंग बांधले आणि तोंडे बंद केली, एवढे मी ऐकून होतो.

मी सायकल दारात टेकवली तेव्हा अंगणात शिवाप्पाचा म्हातारा बाप दोरी वळत बसला होता. त्याने आधी माझी टोपी पाहिली, मग कागद पाहिला.

"मानसं मोजून झाली काय, सायेब," तो म्हणाला, "म्हनून आता घास मोजाय आलाव?"

मी शिरगणतीचा नाही, आश्रमाकडून आलो, असे सांगितले. ते ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडला. मल्लव्वा दारात आली. मुलगी तिच्या पाठीमागे होती. लुगड्याच्या घोळातून एक डोळा तेवढा दिसत होता. अंगात विटका, ठिगळाचा झबला. मुलगी कशी आहे, असे मी विचारले.

"कशाची बरी वो. खात न्हाय काय न्हाय. रातभर किरकिर करती. बघा की, काडी झालीया नुसती."

बघू म्हटले तर तिने बघू दिले नाही. पदर ओढून मुलीला आणखी मागे सारले. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तसेच. ताप? सारखा. झोप? नावाला. निघताना वाटेत मला गावच्या शाळेचे मास्तर भेटले. मल्लव्वा मुलीला तिप्पी म्हणून हाक मारत होती, ते काय नाव, असे मी विचारले. तिप्पे म्हणजे उकिरडा, ते म्हणाले, आणि घाईत होते म्हणून निघून गेले. सायकलवर बसल्यावर माझे कान तापले होते. पोटचे मूल नाही म्हणून उकिरडा म्हणायचे, आणि सांभाळण्यासाठी कमिटी देते ते पैसे मात्र घ्यायचे.

बाकीची घरे हिंडलो. जवळजवळ प्रत्येक दारात तेच ऐकू आले. खात नाही, सोसत नाही, अंगाला लागत नाही. एकच घर वेगळे निघाले, कुंभारीचे. तिथल्या हौसाबाईने वामन नावाच्या आश्रमाच्या मुलाबद्दल इतके चांगले सांगितले की मला बरे वाटले. सगळे एका मोठ्या कागदावर मांडले तेव्हा चित्र स्वच्छ दिसले. आश्रमात मुले ठीक. घरांत मुले खंगलेली. गोविंदरावांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सगळी मुले परत आणावीत, आणि पहिली आणावी ती वळसंगची, असा ठराव ते बैठकीत मांडणार होते. सदाशिवरावांनी कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारले, "एका सुरात इतकी घरे कशी बोलली?" मी म्हणालो, दारिद्र्य सगळीकडे सारखेच. त्यांनी कागदाची घडी करून ती आपल्याजवळ ठेवली. बैठकीला अजून अवकाश आहे, पुन्हा एकदा जाऊन ये, एवढेच म्हणाले.

माझ्या मनात होते की कुंभारीचे घर आदर्श म्हणून नीट वर्णन करून लिहावे. म्हणून आधी तिथे गेलो. हौसाबाई उंबऱ्यात बसली होती. मांडीवर तिचा स्वतःचा वर्ष-दीड वर्षाचा मुलगा, हातात लोण्याने माखलेला भाकरीचा तुकडा, हनुवटीवरून लोणी ओघळलेले. वामनचे विचारताच ती पहिल्यासारखीच भरभरून बोलू लागली.

"लई गुनाचं प्वार हाय. दोन दोन भाकरी खातंय. कदी आजारी न्हाय, कदी रडनं न्हाय. दगडावानी टनक."

मी ते लिहून घेत होतो. लिहिता लिहिता, काहीतरी बोलायचे म्हणून, मांडीवरच्या मुलाकडे बघून म्हणालो की हा तुमचा वाटते, चांगला गुटगुटीत आहे.

तिचा हात बोलण्याआधी हलला. पदर मुलाच्या तोंडावरून ओढला गेला, लोण्यासकट.

"कुटलं वो गुटगुटीत," ती म्हणाली. तिचा आवाजच बदलला होता. "खात न्हाय काय न्हाय. आटवडा झाला, पोटात अन्न म्हनून न्हाय त्येच्या. हाडं तेवडी ऱ्हायल्यात."

पदराआड ते मूल मचमच आवाज करत भाकरी खात होते.

माझे लिहिणे थांबले. एकाच उंबऱ्यात, एकाच तोंडून, दोन मुलांबद्दल दोन भाषा. ज्याला दृष्ट लागेल म्हणून जीव धडधडतो, त्याच्याबद्दल परक्या माणसाला चांगले सांगायचे नाही. ज्याच्याबद्दल धडधडत नाही, त्याचे गुणगान करायला काय अडचण? हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच होते. मी मॅट्रिक पास झालो तेव्हा पेढा मागायला आलेल्या शेजारणीला माझी आई म्हणाली होती की कसला पास, मेला आंधळा होईल एक दिवस वाचून वाचून. माझ्या आजीची तीन लेकरे गेली, म्हणून चौथ्याला तिने केरात लोळवून उचलले आणि त्याचे नाव केरबा ठेवले. ते नाव माझ्या नावापुढे लावून मी बी. ए. झालो. तरीही तिप्पी हे नाव ऐकून मला राग आला होता. कागदावर उतरले की बोलणे हे बोलणे राहत नाही, त्याला पुरावा म्हणतात. आणि पुराव्याला आई असते, भीती असते, हे शिकलेल्या माणसाच्या ध्यानात येत नाही.

वामन कुठे आहे, विचारले. राखणीला गेलाय, म्हणाली. रानात माळ्यावर तो गोफण घेऊन उभा होता, आठ वर्षांचा. पाखरे उठवून त्याचा आवाज बसला होता. पायांच्या नडग्या काठीसारख्या. मी काही न विचारता तसाच पुढे वळसंगला गेलो.

या खेपेला कागद खिशातच ठेवला. आगाप पेरलेल्या रानाची काढणी सुरू झाली होती. मल्लव्वा खळ्यावर होती. मला बघून तिने विळा खाली ठेवला. मुलीला न्यायला आलो अशीच तिची समजूत झाली असणार. मी म्हणालो की सायकलने थकलो, जरा बसतो. म्हाताऱ्याने माझ्यापुढे कणीस टाकले, पण माझ्यावरचे डोळे काढले नाहीत. चौकशी न करणाऱ्या माणसाचा त्यांना आणखी संशय आला, हे उघड होते.  मग हळूहळू त्यांची आपापसातली कामे सुरू झाली, आणि मी बसून राहिलो.

तिप्पी कडब्याच्या ढिगावर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. एकदा वरून खाली आली ती थेट ढेकळांवर. गुडघा फुटला. क्षणभर तिने चौफेर बघितले, मल्लव्वा दिसली, आणि मग तिने असा काही टाहो फोडला की बांधावरची पाखरे उडाली. मल्लव्वा धावली नाही. जागेवरूनच हात पसरून म्हणाली, "बा इल्ली, तिप्पी." इकडे ये. मुलगी लंगडत, रडत, वाटेत थांबून पुन्हा रडत तिथवर गेली आणि तिच्या मांडीत शिरली. थोड्या वेळाने हुंदके देत देतच हुरडा खाऊ लागली.

"लई रडकी हाय," मल्लव्वा मला ऐकू जाईल असे म्हणाली. "न्हाय सोसत तिला काय."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आश्रमात गेलो. अंगणात तेवढ्याच वयाचा एक मुलगा धावता धावता पायरीवर आपटला. ओठ फुटला, रक्त आले. तो उठला, हाताच्या पाठीने ओठ पुसला आणि पुन्हा ओळीत जाऊन उभा राहिला. त्याने कुणाकडे पाहिलेच नाही. अंगणात माणसे नव्हती असे नाही.

मला तेव्हा वाटले, सापडले. पडल्यावर मूल कुणाकडे बघते ते पाहावे. प्रश्न विचारण्याची गरजच नाही. पण घरी पोचेपर्यंत त्या सापडलेल्या गोष्टीचाही मला संशय येऊ लागला. एका मुलीचे एकदा पडणे, एका मुलाचे एकदा पडणे, यावर किती बांधायचे? आश्रमातला तो मुलगा मुळातच अबोल असेल. कुणी सांगावे, एखाद्या घरात मूल खरेच खात नसेल, आणि बाई खरेच सांगत असेल. मल्लव्वाच्या मांडीत शिरलेली ती मुलगी मला फार आवडली होती. आणि आवडलेल्या गोष्टीच्या बाजूने पुरावा गोळा करणे किती सोपे असते, हे मला गोविंदरावांकडे बघून कळले होते. गोविंदराव वाईट नव्हते. त्यांनाही फक्त आपला आश्रम आवडला होता.

मी पुन्हा हिंडलो. दारात उभा राहून विचारायचे सोडले. खळ्यावर, विहिरीवर, जेवणाच्या वेळी नुसते बसायचे. काही घरांत 'खात नाही' म्हणणाऱ्या बायका मुलाच्या ताटात शेवटचा घास सारताना दिसल्या. एका घरात तसे दिसले नाही, आणि तिथे काय लिहावे ते मला अजून कळलेले नाही. बैठक तोंडावर आली तेव्हा मी कुंभारीला जाऊन परत आलो आणि सदाशिवरावांना पत्र लिहिले, कारण समोर बसून हे बोलायला मला जमले नसते.

आता या गोष्टीला सात-आठ वर्षे झाली. सदाशिवराव गेल्या साली वारले. सगळी मुले एकदम परत आणण्याचा ठराव त्या बैठकीत बारगळला. एकेक घर पाहून ठरवावे असे झाले, आणि ते पाहण्याचे काम तेव्हापासून माझ्याकडेच आहे. अजूनही मी चुकत असेन. बाजाराच्या दिवशी कधी कधी मंगळवार पेठेत मल्लव्वा दिसते. बरोबर एक उंच, सावळी मुलगी असते, डोक्यावर पाटी. आम्ही पावसापाण्याचे बोलतो. मुलीचे मी काही विचारत नाही. तिच्याकडे फार वेळ बघतही नाही. मल्लव्वाला ते बरे वाटत असावे.

त्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे. ती जशीच्या तशी देतो.

*

तीर्थस्वरूप गुरुवर्य सदाशिवराव यांच्या चरणी कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपल्याकडे मी दिलेला मोठा कागद कृपया बैठकीत वाचू नये. त्यात लिहिलेले खोटे नाही, पण ते मुलांबद्दल नाही. ते मोठ्या माणसांच्या भीतीबद्दल आहे. ज्या घरांना मूल जाईल अशी भीती वाटते त्यांनी वाईट सांगितले, ज्यांना वाटत नाही त्यांनी चांगले सांगितले. आश्रमानेही चांगलेच सांगितले आहे. हा नियम सगळीकडे लागू पडेल असे मी म्हणत नाही. माझा त्यावरही पुरता विश्वास नाही. पण एवढा संशय असताना वळसंगची मुलगी हलवू नये, असे माझे हात जोडून सांगणे आहे. तिला एकदा तिथून उचलले आणि मागाहून आपले चुकले असे कळले, तर ते परत दुरुस्त करता येण्यासारखे नाही.

गोविंदराव म्हणतात त्यातही तथ्य आहे, हे मी लपवत नाही. सगळी मुले घरीच राहावीत असेही मला म्हणता येत नाही. सगळ्यांचा एकदम एकच निकाल लावला तर एखादे मूल त्यात भरडले जाईल. म्हणून विनंती की प्रत्येक घर वेगळे पाहावे, आणि पाहायला आणखी एक हंगाम द्यावा. मी बिनपगारी हिंडेन.

कुंभारीचा वामन आज मी सायकलच्या दांडीवर बसवून आणला. हे आपल्याला न विचारता केले, त्याबद्दल आपण बोलाल ते ऐकेन. हौसाबाईंनी अडवले नाही. तो माझ्या खोलीवर आहे. मी त्याला काही विचारलेले नाही. भाकरी दिली तर अर्धी खाल्ली आणि अर्धी कुठे गेली ते मला दिसले नाही, म्हणून त्याने सदरा काढून ठेवला तेव्हा मी खिसे पाहिले. खिशांत ती अर्धी निघाली, आणि तिच्याखाली वाळलेले जुने तुकडे; आणखी काय काय निघाले ते इथे लिहीत नाही. सगळे पुन्हा जसेच्या तसे ठेवले आहे. आपण उद्या सकाळी यावे आणि आपल्या डोळ्यांनी पाहावे.